पळाले, राहिले, हलले : प्लेगच्या पुण्यातील एका प्रश्नाची तपासणी

गेल्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीने मला एक काम सांगितले. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह कायमचा कॅनडात जायचे म्हणतो आहे. घर सिंहगड रस्त्याला. 2025च्या जानेवारीत त्या भागात जीबीएसची साथ आली, पाण्याकडे बोट दाखवले गेले, आणि त्यांच्या सोसायटीत टँकर आला की लोक आधी वास घेऊन पाहू लागले. तेव्हापासून त्याचे मन उडाले. धूळ, खड्डे, शाळेत पोचायला लागणारा दीड तास, हे सगळे आधीपासून होतेच. बहीण मला म्हणाली, "ताई, तू पुण्याच्या इतिहासावर एवढं लिहितेस. त्याला जरा सांग ना. आपल्या माणसांनी याच्यापेक्षा वाईट दिवस काढले, प्लेग काढला, पण गाव सोडलं नाही."

मी हो म्हटले. काम सोपे वाटले. प्लेगच्या पुण्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते आणि तिच्यात राहणाऱ्यांचीच नावे असतात. त्यातली दोन तर मंडईतच भेटतात. मंडईतला टिळकांचा पुतळा 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडला गेला. मागची अष्टकोनी इमारत 1886 साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. या बाजाराच्या खर्चाला खुद्द जोतीरावांनी विरोध केला होता, हे जाणकार पुणेकर अजून मिस्कीलपणे सांगतात. जोतीराव 1890 सालीच गेले. पण 1897च्या प्लेगमध्ये त्यांच्या घरातली सावित्रीबाई मागे राहिली आणि त्यातच गेली. टिळकही राहिले. भाच्याला मेट्रोने मंडईत बोलवावे, पुतळ्यापाशी उभे करावे आणि दोन नावे सांगावीत, एवढाच माझा बेत होता.

त्याआधी जुनी चरित्रे, आत्मवृत्ते, आठवणी पुन्हा चाळून घ्याव्यात म्हणून बसले, आणि बहिणीचे वाक्य माझ्याच हातात मोडले. गाव सोडले नाही? 1897च्या फेब्रुवारीअखेर पुण्यातले सुमारे निम्मे लोक शहर सोडून गेले होते.

हा आकडा नवा नाही. प्लेगवरच्या कोणत्याही नेटक्या लेखनात तो सापडतो. नवल याचे, की तो माहीत असूनही आपल्या गोष्टीत त्याला जागा नाही. निम्मे शहर जिच्यात गैरहजर आहे अशी गोष्ट आपण त्या शहराची म्हणून सांगत आलो. ती तशी का सांगितली गेली आणि त्यात काय हरवले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी तारखा लावून घेऊ. 1896च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले. त्यांतले कितीतरी रेल्वेने पुण्याकडे आले आणि त्यांच्याबरोबर साथही आली. म्हणजे पुणे आधी निघून आलेल्यांचे गाव झाले आणि मग निघून जाणाऱ्यांचे. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला. फेब्रुवारीअखेर पुण्यातील मृत्यूंची नोंद 657 होती. वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीखाली नऊशेच्या आसपास गोरे-काळे शिपाई घरांच्या झडत्या घेऊ लागले ते मार्चच्या मध्यावर, आणि हे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

या क्रमाकडे नीट पाहावे. निम्मे शहर रिकामे झाले ते फेब्रुवारीअखेर. शिपाई दारात आले ते त्यानंतर. आपली रूढ समजूत याच्या उलट आहे. रँडचा जुलूम झाला, सोवळ्याओवळ्याचा विचार न करता बूट घालून देवघरात माणसे शिरली, म्हणून लोक गाव सोडून गेले, असे आपण समजतो. जुलूम झाला, यात शंका नाही. त्यामुळे आणखी लोक गेले असतील, हेही खरे. पण पहिले निम्मे गेले ते रोगाला भिऊन, आणि मुंबईत रुग्णांचे काय होते ते ऐकून. आपल्या कथनाला हे सोयीचे नव्हते. जुलमामुळे गाव सोडणे हे दुःख ठरते, रोगाला भिऊन सोडणे हा भेकडपणा ठरतो. म्हणून मराठी लेखनाने निघून गेलेल्यांपैकी काहींना रँडच्या खात्यावर टाकले आणि उरलेल्यांना एका क्रियापदात गुंडाळले: 'पळाले'.

या क्रियापदाचा उगम शोधताना टिळकांपर्यंत जावे लागते. पुण्यातले बरेच पुढारी शहर सोडून गेले तेव्हा 'केसरी'ने त्यांना धारेवर धरले. टिळक स्वतः राहिले. हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय त्यांनी उभे करवले, झडतीच्या वेळी ते वस्त्यांत फिरले, विलगीकरणाच्या छावणीत अडकलेल्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. पुढे काही वर्षांनी त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. अशा माणसाला इतरांना बोलण्याचा अधिकार होता. पण तो बोलला कोणाला, हे विसरून चालणार नाही. टीका पुढाऱ्यांवर होती. लोकांकडून सार्वजनिक मान घ्यायचा, सभांत अध्यक्षस्थानी बसायचे आणि लोकांना गरज पडली की गाशा गुंडाळायचा, यावर ती होती. बायकापोरांना घेऊन आजोळी गेलेल्या कारकुनावर नव्हती. उलट स्वच्छता, रुग्णाला वेगळे ठेवणे, लागण झालेले घर रिकामे करणे यांची गरज टिळकांना मान्य होती. त्यांचा आक्षेप या गोष्टी करवून घेण्याच्या रीतीला होता.

नंतरच्या लेखनात हा फरक पुसट होत गेला. न. चिं. केळकरांच्या तीन खंडांतील टिळक-चरित्राचा पहिला खंड 1923 साली आला. तोवर टिळक लोकमान्य होऊन गेले होते आणि वर्षभरातच मंडईत त्यांचा पुतळा उभा राहणार होता. चरित्राचा नायक राहिला म्हटल्यावर न राहिलेले सगळे आपोआप पार्श्वभूमी झाले. गंगाधर गाडगीळांची 'दुर्दम्य' असो किंवा नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा 1979चा '22 जून 1897' हा चित्रपट असो, दृष्टी वळते ती लढणाऱ्याकडे. चित्रपटाचे तर नावच एका संध्याकाळचे आहे. मी या कृतींना कमी लेखत नाही; त्यांचा विषय वेगळा आहे. पण सगळ्या मिळून वाचकाच्या मनात एक माप तयार करतात: राहिला तो खरा, गेला तो खोटा. माझ्या बहिणीच्या हातात तेच माप होते, आणि मीही ते न तपासता उचलले होते.

हे माप सावित्रीबाईंना लावून पाहू. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा, शिकलेला डॉक्टर. त्याने पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोचवले आणि त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शिपायांच्या झडत्या सुरू होण्याच्या काही दिवस आधीची ही गोष्ट. म्हणजे रँडच्या गोष्टीत सावित्रीबाईंना जागाच मिळत नाही. फार काळ मिळालीही नाही. दुसरे असे, की काटेकोर बोलायचे तर त्याही शहरात थांबल्या नाहीत. दवाखाना गावाबाहेर मोकळ्या हवेत होता, आणि असायला हवा होता. त्या राहिल्या त्या गावात नव्हे, कामात. तिसरी गोष्ट मुंढव्याची. मुंढवा तेव्हा शहराबाहेरचे खेडे. पेठांतले लोक जीव वाचवायला जिथे जात होते तशाच गावात, महारवाड्यात, रोग पोचलेला होता. आणि महारवाड्यातला माणूस निघून कुठे जाणार? कोणत्या गावात त्याला ओसरी मिळणार होती?

इथे प्रश्नाचा नैतिक चेहरा उतरतो आणि व्यावहारिक चेहरा दिसतो. शहर सोडायला धैर्य किंवा भेकडपणा लागण्याआधी दुसऱ्या काही गोष्टी लागत. गावाकडे घर हवे, निदान सासर-माहेर हवे, गाडीभाडे हवे, दोन महिने पगाराशिवाय काढण्याची ऐपत हवी, आणि स्टेशनवरच्या तपासणीतून पार पडायला हवे. प्रवाशांना उतरवून, हात-पाय, काखा तपासून मगच पुढे सोडत. ज्याचे पोट रोजच्या विक्रीवर, त्याला यातले फारसे काही नव्हते. म्हणून 'राहिले' या शब्दातही दोन वेगळी माणसे एकत्र कोंबली गेली आहेत: जाता येत असून राहिलेली, आणि जाताच न आल्यामुळे राहिलेली. पहिल्यांचे पुतळे झाले. दुसऱ्यांची नोंद फार तर मृत्यूंच्या आकड्यात.

जाणाऱ्यांतही असेच प्रकार आहेत, आणि त्यांतल्या एकासाठी मराठीत चांगले, साधे क्रियापद आहे: हलणे. आपण बिऱ्हाड हलवतो, दुकान हलवतो. पळणारा सुटा पळतो; हलणारा भांडीकुंडी, म्हातारीकोतारी, कामाचे ओझे घेऊन हलतो. प्लेगच्या पुण्यात अशा दोन हालचाली झाल्या आणि दोन्ही बायकांच्या शिक्षणाशी निगडित आहेत.

पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 साली मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ, विधवा मुलींना त्या घेऊन आल्या. इकडे प्लेगमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन हाताशी होती. रमाबाईंनी मुलींना तिथे नेले. आजचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. दुसरी हालचाल धोंडो केशव कर्व्यांची. 1896 साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. प्लेगमुळे शहरात मुलींना ठेवणे धोक्याचे झाले, आणि 1900 साली गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकरांवर, हिंगण्याच्या माळावर, एक झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि तिथून चिखल तुडवत हिंगण्याला जात. आज त्या बाजूला कर्वेनगर आहे, वाहनांची रांग आहे, आणि कुणाला वाटणारही नाही की या उपनगराची एक मुळी प्लेगच्या भीतीत आहे.

कर्वे पळाले, असे कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही? शहर तर त्यांनीही सोडले, रोगाला भिऊनच सोडले. फरक एवढाच, की ज्यांची जबाबदारी घेतली होती त्यांना ते बरोबर घेऊन गेले आणि शहराशी असलेली पायवाट रोज तुडवत राहिले. टिळकांनी पुढाऱ्यांना लावलेले माप खरे तर हेच होते. कुठे राहता याचे नव्हे, ओझे कुणावर टाकून जाता याचे. ते माप लावले तर राहणारे आणि जाणारे एका रांगेत उभे करून तपासता येतात. आपल्या लेखनाने ते सोडले आणि त्याच्या जागी पत्ता ठेवला.

दूर असलेल्याची आणखी एक अडचण याच वर्षी दिसली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून गेलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सांगितले की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ती माफी त्यांना अनेक वर्षे चिकटली. मला यात कमीपणा दिसत नाही. दूरच्या माणसाला गाव पत्रातून दिसते, आणि पत्र लिहिणारा उद्या साक्षीला उभा राहीलच असे नसते. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात आज मोबाईलवर पोचणारे पुणे याच जातीचे आहे: कधी फार भीषण, कधी फार गोड. गोखल्यांनी निदान बोटीतून उतरून आपले वाक्य तपासले आणि चुकले तेव्हा तसे कबूल केले.

'पळाले' आणि 'राहिले' यांचे हे व्याकरण प्लेगबरोबर संपले नाही. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' 1973 साली आले. नाना आणि नानी घरात आहेत, एक मुलगा अमेरिकेत. नाटक आजही डोळ्यांत पाणी आणते. पण त्यात गेलेला मुलगा जवळजवळ गैरहजेरीपुरताच आहे. तो का गेला, तिथे त्याचे काय झाले, येता येत नाही तेव्हा त्याला काय होते, हा त्या नाटकाचा प्रश्न नाही. तो असायलाच हवा होता असेही नाही. पण त्यानंतर आलेल्या ढीगभर कथांनी तेच व्याकरण गिरवले तेव्हा त्याचा साचा झाला. हा साचा मोडणारी कृती महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 1985ची. वडिलांच्या दिवसकार्यासाठी मुंबईचा भाऊ वाड्यात परततो. राहिलेला भाऊ धर्मात्मा नाही आणि गेलेला स्वार्थी नाही. एकाला वाटते हा मुंबईत मजेत आहे. दुसऱ्याला वाटते याच्याकडे जमीनजुमला आहे. दोघांच्याही हातात काही नाही, आणि वाडा खचतो आहे. राहण्याला तिथे पुण्य मिळत नाही आणि जाण्याला पाप लागत नाही. खचणारे घर कोणी, कसे, किती काळ धरून ठेवायचे आणि त्याची किंमत घरातल्या कोणत्या बाईने द्यायची, असा खरा प्रश्न उरतो. प्लेगच्या पुण्यावर या नजरेने लिहिलेली कादंबरी मी अजून वाचलेली नाही. रिकाम्या पेठेत कुलूप लावून निघालेले, गावच्या वेशीवर अडवले गेलेले, चार महिन्यांनी परत येऊन शेजारचे घर रिकामे पाहणारे कुटुंब, यावर एक मोठे पुस्तक व्हायला हवे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी भाच्याला मंडईत बोलावले. तो जमिनीखालच्या स्टेशनातून वर आला. आम्ही भाजी घेतली. कोथिंबिरीची जुडी ज्यांच्याकडून मी पंचवीस वर्षे घेते त्या बाईंनी त्याला विचारले, "काय करता साहेब?" तो म्हणाला, कॅनडाला जायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, "जावा की. आमचा मोठा व्यापार समदा गुलटेकडीला गेला, आम्ही हितंच ऱ्हायलो. लॉकडाऊनमंदी मंडई बंद झाली तवा पोराचा टेम्पो घेऊन सोसायट्यांच्या दारात गेले. पुन्हा आले. गिऱ्हाईक हितं हाय म्हणून आले, नाहीतर आले नसते." त्यांच्या बोलण्यात अभिमान नव्हता आणि तक्रारही नव्हती.

पुतळ्यापाशी उभे राहून मी त्याला बहिणीने सांगितलेले वाक्य सांगितले आणि ते खोटे आहे, हेही सांगितले. निम्मे पुणे गेले होते. टिळकांनी कुणाला बोल लावला तेही सांगितले, आणि हिंगण्याच्या झोपडीचेही. मग विचारले, "तू कुणाचं पुढारीपण घेतलेलं नाहीस, तेव्हा तुला पळपुटा म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण तुझ्यावर जे ओझं आहे ते कुणावर टाकून जातो आहेस?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, आई येणार नाही म्हणते. आणि सोसायटीचं पाणी तपासायला लावणारा मी एकटाच आहे, मी गेलो की तेही थांबेल." आणि थोड्या वेळाने, "पण पोरीच्या पोटात काय जातंय हे मी किती वर्षं बघत बसू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. 1897 सालच्या बापालाही ते नसावे. बहिणीला मी फोनवर एवढेच सांगितले, की तिने दिलेले काम माझ्याकडून झाले नाही. प्लेगचा दाखला देऊन तिने त्याला थांबवू नये, तो दाखला दोन्ही बाजूंनी चालतो. थांबवायचेच तर स्वतःच्या नावाने थांबवावे: मला तू इथे हवा आहेस, असे म्हणावे. त्याने अर्ज भरला आहे. त्याच आठवड्यात त्याने सोसायटीच्या पाण्याच्या तपासणीचे कागद शेजारच्या एका मुलीच्या हवाली केले आणि कोणत्या महिन्यात काय करायचे ते तिला लिहून दिले. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.